प्रेअरीच्या गवताळ प्रदेशात हजारो वर्षांपूर्वी माणसे राहत होती, हे पुरातत्त्वज्ञ कशावरून सांगतात?

आपण विचारले आहे की, उत्तर अमेरिकेच्या प्रेअरीवर ना पडके वाडे, ना तटबंदी, ना खापरांनी भरलेली पांढरीची टेकाडे; मग तिथे इतक्या पूर्वी मनुष्यवस्ती होती असे कशाच्या आधारावर म्हणायचे? मी गेली अकरा वर्षे कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात राहतो. इथे आल्यावर पहिल्या वर्षी मलाही हाच प्रश्न पडला होता, कारण गाडीच्या काचेतून पाहिले तर क्षितिजापर्यंत गवत आणि तारेचे कुंपण यांखेरीज काहीच दिसत नाही. पुरावा आहे आणि तो भरपूर आहे. मात्र तो गवताच्या उंचीच्या खाली आहे, त्यामुळे पायी फिरल्याशिवाय तो सापडत नाही.

सर्वांत साधा पुरावा म्हणजे दगडांची वर्तुळे. बायसन या इथल्या केसाळ, महाकाय रानगुराच्या कातड्याचा तंबू, म्हणजे टीपी, वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कडेवर दगड ठेवीत. मुक्काम हलला की कातडी आणि काठ्या सोबत जात, दगड मात्र जिथल्या तिथे राहत. नांगर न लागलेल्या माळावर अशी वर्तुळे आजही हजारोंनी आहेत. जिथे शेती झाली तिथले दगड वेचून बांधावर टाकले गेले आणि त्यांच्याबरोबर ती नोंदही गेली, याचे मला फार वाईट वाटते.

पण या लोकांची बुद्धी आणि शिस्त पाहायची असेल, तर कॅल्गरीपासून सुमारे दोन तासांवर असलेल्या ‘हेड-स्मॅश्ड-इन बफेलो जंप’ या ठिकाणी जावे. १९८१ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. इथे बायसनचे कळप कड्यावरून खाली लोटून शिकार केली जात असे आणि ही पद्धत साडेपाच हजारांहून अधिक वर्षे चालली. (मराठीत बायसनला पुष्कळदा ‘गवा’ म्हणतात, पण आपल्या सह्याद्रीतला गवा हा वेगळा प्राणी आहे.) कड्यामागे पश्चिमेला कुरणाचे विस्तीर्ण खोरे आहे आणि तिथून कड्याकडे येणाऱ्या वाटांच्या दोन्ही बाजूंना लहान लहान दगडांचे ढीग रांगेने मांडलेले आहेत. त्यातला एक ढीग मी जवळून पाहिला: गुडघ्यापर्यंतही न येणारा, शेवाळाने माखलेला, अर्धा मातीत बुडालेला. एवढ्याशा ढिगाने महाकाय जनावर कसे वळेल, असे मी तिथल्या ब्लॅकफूट (या भागातले मूळ रहिवासी) मार्गदर्शकांना विचारले. त्यांनी सांगितले की, या ढिगांत झाडाच्या फांद्या खोचीत आणि त्या वाऱ्याने हलत राहत. बायसनची नजर अधू असली तरी नाक तीक्ष्ण असते, म्हणून कड्याखालच्या माणसांचा वास कळपाकडे जाणार नाही, असा पश्चिमेचा वारा मिळेपर्यंत लोक थांबत. घोडे या भागात अठराव्या शतकात आले. त्यापूर्वीची ही सारी धावपळ पायी होती आणि ओझी वाहायला फक्त कुत्री होती.

कड्याच्या पायथ्याशी हाडांचे आणि मातीचे थर दहा मीटरहून अधिक खोल गेले आहेत. मला मात्र त्याहून मोलाची वाटते ती समोरची सपाटी, जिथे मांस सुकवले जाई. तिथे आगीने तडकलेल्या दगडांचा खच आहे. जमिनीत खड्डा खणून त्याला कातड्याचे अस्तर लावायचे, त्यात पाणी ओतायचे आणि लालबुंद तापवलेले दगड एकामागून एक सोडून ते उकळायचे, अशी ही रीत होती. ठेचलेली हाडे त्यात शिजवली की चरबी वर तरंगे, आणि ती सुक्या मांसाच्या भुकटीत कालवून पेमिकन हे टिकाऊ अन्न तयार होई. कड्याचा वाळूखडक या कामाला टिकत नसल्यामुळे क्वार्ट्‌झाइटचे गोटे दुरून वाहून आणलेले आहेत. पुढच्या हिवाळ्याची तजवीक इतक्या बारकाईने करणाऱ्या समाजाला ‘भटकी टोळी’ म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते.

काळ ठरवण्यासाठी हाडांची आणि कोळशाची रेडिओकार्बन चाचणी (त्यांत उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढणे) होतेच; शिवाय सुमारे ७,६०० वर्षांपूर्वी ओरेगॉनमधील माझामा ज्वालामुखीची राख या प्रदेशावर पसरली होती. खोदताना तिचा फिकट पट्टा लागला की त्याखालचे सगळे त्याहून जुने, हे तिथेच कळते. वासरांच्या दातांवरून शिकारीचा मोसमही काढता येतो, कारण बायसनची बहुतेक वासरे वसंतातच जन्मतात.

याहून मागे जायचे तर न्यू मेक्सिकोतील फॉल्सम गाठावे लागते. गुलामगिरीत जन्मलेले कृष्णवर्णीय गुराखी जॉर्ज मॅकजंकिन यांना १९०८ च्या पुरानंतर खरवडून निघालेल्या एका ओहोळाच्या काठात प्रचंड हाडे दिसली. ही नेहमीच्या बायसनची नव्हेत, हे त्यांनी ओळखले आणि ते अनेकांना सांगत राहिले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले. उत्खनन १९२६ मध्ये सुरू झाले. पुढच्या वर्षी नामशेष बायसनच्या बरगड्यांमध्ये रुतलेले दगडी भाल्याचे पाते जागेवरच सापडले आणि तज्ज्ञांना बोलावून ते तसेच दाखवण्यात आले. हिमयुगाच्या अखेरीस अमेरिकेत माणूस होता की नाही, हा वाद त्या पात्याने मिटवला. ते बारा हजार वर्षांहून जुने आहे.

नव्या शोधांना आजही वाव आहे. कॅनडातल्याच सास्काटून शहराजवळच्या वानुस्केविन येथे २०१९ मध्ये बायसन पुन्हा आणून सोडले गेले. २०२० मध्ये ते जिथे धुळीत लोळत, तिथली माती खरवडली जाऊन एक दगड उघडा पडला. त्यावर बायसनच्या बरगड्यांसारख्या रेषा कोरलेल्या होत्या.