बाळाच्या डोळ्यात गाठ आहे, मग सीटी का नको?

ताई, तुमच्या बहिणीच्या दीड वर्षाच्या बाळाची बाहुली फ्लॅशच्या फोटोत पांढरी चमकली, बी-स्कॅनमध्ये म्हणजे डोळ्याच्या सोनोग्राफीत गाठ दिसली, रेटिनोब्लास्टोमाचा म्हणजे लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याच्या कॅन्सरचा संशय आहे आणि डॉक्टर एमआरआय सांगतायत. सीटी लगेच आणि स्वस्तात होतोय तर तो का नको, आणि सुई टाकून तुकडा का नाही काढत, हे तुमचे दोन प्रश्न. मी परळला १४ वर्षं डोळ्यांच्या सोनोग्राफीच्या खोलीत काम करतेय म्हणून सांगते.

आधी सुईचं. ती अजिबात नको. या गाठीला सुई टोचली तर पेशी डोळ्याबाहेर पसरू शकतात, म्हणून इथे निदान डोळ्याचा पडदा बघून आणि स्कॅनवरच करतात. बी-स्कॅनमध्ये आम्ही पापणीवर जेल लावून प्रोब ठेवतो, गाठीत कॅल्शियमचे कण असले तर पांढरेशुभ्र ठिपके दिसतात आणि त्यांच्या मागे काळी सावली पडते, मग मशीनचा गेन, म्हणजे चित्राची उजळता, कमी करत गेलं की बाकी सगळं विझत जातं पण ते ठिपके चमकतच राहतात. बाहुली मोतीबिंदूनेही पांढरी दिसते, पण त्यात असलं काही सापडत नाही.

सीटीत कॅल्शियम छान दिसतं हे खरं, पण त्यात रेडिएशन आहे, आणि यातल्या काही मुलांच्या आरबी१ जीनमध्ये जन्मतःच दोष असतो, त्यांना पुढे दुसरे कॅन्सर व्हायचा धोका आधीच जास्त, त्यात आपण भर कशाला घालायची? एमआरआयमध्ये रेडिएशन नाही. शिवाय गाठ ऑप्टिक नर्व्हमध्ये, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत, शिरलीय का, मेंदूतल्या पिनियल ग्रंथीपाशी काही आहे का, हे त्यातच नीट कळतं, आणि डोळा वाचवायचा की काढायचा हे ठरवताना ते लागतंच. पैशांसाठी थांबू नका, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात आजच जाऊन बोला.

एवढं लहान बाळ स्थिर राहणार नाही म्हणून भूल देतात. वरचं दूध साधारण ६ तास आधी बंद, अंगावरचं ४ तास, पण तुमचे भूलतज्ज्ञ सांगतील तेच धरा. पहाटेच्या लोकलने कल्याण-कसाऱ्याहून आलेलं बाळ रडतं, आजीला राहवत नाही, ती बिस्किट देते आणि तारीख जाते, हे मी फार वेळा बघितलंय हो, आजीला आदल्या रात्रीच समजावून ठेवा. बाळाचा दुसरा डोळाही भूल असतानाच तपासतील ना, हे विचारून घ्या, आणि मोठ्या भावाच्या डोळ्यांत थेंब टाकून त्याचेही पडदे याच आठवड्यात बघून घ्या.