सासूबाई दुधाच्या पिशव्या धुवून वाळत घालतात, हा कंजूषपणा की पर्यावरणाची जाणीव?

तुमचा प्रश्न वाचून आधी हसू आलं. लग्नानंतर पहिल्यांदा चार दिवस सासुरवाडीला, निफाडकडच्या गावात राहिलात. सासूबाईंनी दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुवून, चिमटे लावून तारेवर घातलेल्या पाहिल्या. तेलाच्या डब्यात तुळस, खताच्या गोणीचं पायपुसणं. बायकोला विचारलं तर ती फुगून बसली, म्हणून इथे विचारताय की गावाकडे सगळेच असं करतात का, आणि का करतात.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं, दिलं दिंडोरी तालुक्यात. दोन्हीकडे द्राक्षबाग, कांदा, टोमॅटो. त्यामुळे अधिकाराने सांगते, तुम्ही दिलेल्या दोन पर्यायांपैकी एकही बरोबर नाही. ‘पर्यावरण’ हा शब्द आमच्या घरात मुलांच्या शाळेच्या पुस्तकातून आला. आणि कंजूष म्हणाल तर त्याच सासूबाईंनी तुम्हाला चार दिवसांत किती वेळा पुरणपोळी वाढली ते आठवा. खरी गोष्ट अशी की आमच्याकडे घरात आलेली वस्तू पुढे कुठे जाणार, ते ठरलेलं असायचं. ती टाकायची कुठे, असा प्रश्नच पडत नसे.

माझ्या आजीचं लुगडं घ्या. सुती नऊवारी. नेसून नेसून विरायला आलं की मऊसूत होतं, मग घरात बाळंतपण असेल तर त्याची दुपटी आणि झोळी. नव्या कापडात तान्हं मूल गुंडाळलेलं आजीला खपायचं नाही, ‘टोचतं त्याला’ म्हणायची. बाळंतपण नसेल तर लुगडं गोधडीच्या गठुड्यात. उन्हाळ्यात शेतातली कामं आटोपली की ओट्यावर गोधडी पसरायची. खाली एक धड लुगडं, वर एक धड लुगडं, मध्ये आजोबांची फाटकी धोतरं, सदऱ्यांचे तुकडे, जे असेल ते. कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन असा धावदोरा घालत आत यायचं, मधोमध पोचलं की संपलं. चार बायका चार बाजूंना बसायच्या आणि गावातल्या सगळ्या सुनांचा हिशोब त्या दोऱ्यात शिवला जायचा. सदऱ्यांची बटणं आधीच काढून डबीत ठेवलेली असत. ती डबी अजून आहे. त्यात एकासारखं एक बटण सापडेल तर शपथ.

गोधडी पांघरून जुनी झाली की अंथरायची. अंथरून विटली की हिवाळ्यात शेळीच्या पाठीवर. तिथूनही सुटली की पाइपाच्या गळतीवर बांधायला किंवा दारं धरताना, म्हणजे पिकाला पाणी देताना, पाटाचं पाणी फुटलं तर भगदाडात कोंबायला. शेवटचा बोळा उकिरड्यावर जायचा, शेणात कुजायचा, आणि वर्षभराने खताबरोबर शेतात. म्हणजे आजीचं लुगडं शेवटी वांग्याच्या वाफ्यात गेलं. मला हे लहानपणी फार विचित्र वाटायचं.

आता आमच्या साड्या सिंथेटिक. त्यांची गोधडी शिवून पाहिलीय मी, एक. सुई सरकते, घाम शोषत नाही, अंगाला चिकटते, आणि दहा वर्षं उकिरड्यात पुरली तरी जशीच्या तशी निघेल. त्या बोहारणीला देते. आमच्याकडे अजून येते ती, डोक्यावर टोपलं, त्यात स्टीलची भांडी. तिच्याशी घासाघीस करायला माझ्या सासूबाईंना एक दुपार लागते. सहा साड्या आणि दोन पँटी देऊन एक पातेलं पदरात पडतं, आणि वर एक चमचा मिळाला नाही तर व्यवहार मोडतो. केसांवर भांडी देणाऱ्याही येतात. म्हणून कंगव्यातले केस गुंडाळून भिंतीच्या फटीत खोचलेले दिसले तर घाबरू नका, करणी नाही ती. डोक्याला लावायच्या टोपांच्या, म्हणजे विगच्या धंद्यात जातात ते केस.

स्वयंपाकघराचं थोडक्यात सांगते, कारण ते तुमच्या आईकडेही असेलच. शिळ्या भाकरीचा कुस्करा, दोडक्याच्या शिरांची चटणी, डाळ-तांदळाचं धुवण गाईला, खरकटं कुत्र्याला, चुलीची राख भांड्यांना आणि बियाण्याला. कोंड्याचा मांडा करणं म्हणतात ते हेच. मोरीचं पाणी अळवाला किंवा केळीला जातं. गॅस आल्यापासून राख कमी झाली, तर सासूबाई शेजारणीकडून मागून आणतात. साबणाने तांब्याचा हंडा उजळत नाही म्हणे.

आता बागेचं सांगते, कारण शहरातल्या माणसाला हे सहसा माहीत नसतं. तुमची रद्दी कुठे जाते? त्यातली बरीच आमच्याकडे येते. द्राक्षाच्या घडात पाणी उतरायच्या, म्हणजे मणी पिकायला लागायच्या सुमाराला रात्री कडाक्याची थंडी आणि दुपारी कडक ऊन असलं की हिरवे मणी गुलाबी पडतात. आम्ही त्याला पिंक बेरी म्हणतो. तसा माल निर्यातीला चालत नाही. म्हणून प्रत्येक घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून पिन मारायची. एकरी घड हजारोंनी असतात, तेव्हा रद्दी किती लागते याचा अंदाज करा. त्या दिवसांत नाशिकच्या रद्दीवाल्यांकडे आमच्या लोकांच्या खेपा सुरू असतात. बागेत काम करताना मी गेल्या वर्षीच्या सगळ्या बातम्या वाचते. एका घडावर कुणाचं तरी लग्न ठरतंय, शेजारच्या घडावर श्रद्धांजली. काढणी झाल्यावर तोच कागद गळून पडतो आणि एप्रिलच्या खरड छाटणीत निघालेल्या काड्यांबरोबर कुट्टी होऊन मातीत जातो. पिना मात्र राहतात. अनवाणी चाललात की कळतं.

ठिबकच्या जुन्या नळ्यांचं आयुष्य असंच लांबतं. कपडे वाळत घालायच्या तारेवर चढवायची, बादलीच्या कडीला बसवायची, मुलांना गोल चाक करून द्यायची. उरलेल्या भंगारवाल्याला. आपल्या मालेगावला प्लॅस्टिक दळून त्याची गिट्टी करणारे आणि त्या गिट्टीतून पुन्हा पाइप काढणारे कारखाने आहेत. म्हणजे शेतातली नळी पुन्हा नळी होऊन शेतात येऊ शकते. फुटलेली बादली, तुटलेली खुर्ची, कांदाचाळीवरून उतरवलेला पत्रा, सगळ्याचं वजन होतं आणि पैसे हातावर पडतात. भंगारवाल्याची हाक आली की सासूबाई आधी न्हाणीमागे धावतात, मग पायात चप्पल घालतात.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, वा, खेडं म्हणजे आदर्शच. तसं नाही.

सवय तीच राहिली आणि वस्तू बदलल्या, इथे घोळ झाला. बारा वर्षांनी उकिरड्याचीही दैना फिटते म्हणतात. आमच्या उकिरड्याची उलटी गत झाली. पूर्वी त्यावर काहीही टाकलं तरी चालायचं, कारण टाकलेलं सगळं कुजणारं असायचं. हात अजून तसाच टाकतो. गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, कुरकुऱ्यांची पाकिटं. वर्षाने खत शेतात पसरलं की रान रंगीत दिसतं. आमच्या एका गाईने गाठ मारलेली पिशवी भाजीच्या देठांसकट गिळली होती. डॉक्टरांनी पोट फाडून जो गोळा काढला तो मी पाहिला, त्यानंतर घरात एक नियम झाला: खरकटं कधीच पिशवीत बांधून टाकायचं नाही.

सगळ्यात वाईट मल्चिंग पेपर. टोमॅटोला, मिरचीला, टरबुजाला बेडवर अंथरतात तो चंदेरी-काळा कागद. नावाचा कागद, आहे प्लॅस्टिकच. तण येत नाही, पाणी वाचतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण २५-३० मायक्रॉनचा तो पडदा हंगाम संपल्यावर उन्हाने कडकून फाटतो, ओढला तर तुकडे हातात येतात, आणि निम्मं वजन मातीचं म्हणून भंगारवालाही तोंड फिरवतो. मग बांधावर ढीग आणि काडी. संध्याकाळी आमच्या शिवारात जो काळा धूर दिसतो तो बहुतेक वेळा ह्याचाच. तिकडे पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या पट्ट्यात नागली-भाताच्या रोपांसाठी राब भाजतात, म्हणजे पालापाचोळा, शेण, गवत जमिनीवर पसरून जाळतात आणि त्या राखेत बी फेकतात. कचऱ्याचा तो जुनाच उपयोग. पण पाचोळ्याबरोबर प्लॅस्टिक गेलं की त्याचाही धूर तसलाच.

आणि औषधाचे कॅन. हे नीट वाचा, कारण तुमच्या सासरी बाग असेल तर हे घरात असणारच. फवारणीच्या औषधाचा पाच लिटरचा कॅन दिसायला इतका मजबूत की टाकवत नाही. आमच्या एका चुलत दिरांनी तो तीनदा धुतला आणि पिण्याचं पाणी भरून शेतात नेला. दुपारी उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस दवाखान्यात होते, वाचले. वास गेला म्हणजे औषध गेलं असं नसतं, प्लॅस्टिक ते धरून ठेवतं. १९७१च्या कीटकनाशक नियमांत स्पष्ट लिहिलंय की रिकामी वेष्टनं बाहेर पडून राहू देऊ नयेत, फोडून वस्तीपासून लांब पुरावीत, म्हणजे ती कुणी पुन्हा वापरणार नाही. आम्ही आता कॅन रिकामा झाला की पंपाच्याच टाकीत तीनदा खळबळून घेतो आणि जागेवरच विळ्याने भोकं पाडतो. सासूबाईंना ते बघवत नाही. ‘चांगला कॅन फोडला’ म्हणून हळहळतात. पण विषाची खूण म्हणून लाल किंवा पिवळा त्रिकोण असलेला कॅन घरात दळणाच्या डब्याशेजारी दिसला तर जावईपणा बाजूला ठेवून बोला. या एका बाबतीत काटकसर नको.

राहिल्या दुधाच्या पिशव्या, ज्यांच्यावरून हे रामायण. धुतलेल्या, कोरड्या पिशवीला भंगारात बरा भाव येतो. आंबलेल्या दुधाच्या चिकट पिशवीला कुणी हात लावत नाही. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा दुधाची पिशवी परत केल्यावर ५० पैसे मिळतील असंही अधिसूचनेत होतं. आमच्या गावच्या दुकानात तसे ५० पैसे मिळालेले मी तरी पाहिले नाहीत. पण माझ्या सासूबाई त्याआधीपासून धुवत होत्या आणि नंतरही धुतात. त्यातल्या काहींत माती भरून पपईची, शेवग्याची रोपं करतात. तुमच्या सासूबाईंच्या परसातही बघा, असतील.

एक मात्र आहे. तुम्ही पिशवी कापताना कोपरा पूर्ण छाटून टाकत असणार, शहरात सगळे तसंच करतात. तो नखाएवढा कपटा भंगारात जात नाही. तो केरात जातो, केरातून उकिरड्यावर आणि उकिरड्यावरून रानात. चीर द्यायची, पण टोक पिशवीलाच लटकत ठेवायचं. सासूबाईंनी तुमच्यामागे ओट्यावरचे कपटे वेचले असतील. जावयाला कसं सांगायचं, म्हणून बोलल्या नसतील.