बंदोबस्त बघून पाय लटपटले, पुढच्या मोर्चाला जाऊ का?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ४८, घरची चार एकर कपाशी, मालक शेती बघतात आणि मी शिवणकाम करते. २०२४च्या दिवाळीनंतर कापसाच्या भावासाठी जिल्ह्याच्या गावी मोर्चा होता. लांब धाग्याचा हमीभाव ७५२१ जाहीर झालेला आणि दारात येणारा व्यापारी सात हजाराच्या वर सरकायला तयार नाही, म्हणून भावासोबत मी पण गेले, जन्मात पहिल्यांदा. गेले तर काय, ज्या रस्त्यावर मी दर दिवाळीला कापड घेते तो रस्ताच ओळखू येईना. दोन्ही तोंडाला लोखंडी बॅरिकेड, जाळी लावलेली गाडी, हेल्मेट-ढालीवाले रांगेत, आम्ही तीनेकशे माणसं आणि ते मला तरी तेवढेच वाटले. एक जण काठीला कॅमेरा लावून सगळ्यांचे चेहरे घेत होता, माझ्यावर आला तेव्हा मी पदर ओढून घेतला, आणि घरी येईस्तोवर वाटत राहिलं की आपण काहीतरी वाईट केलंय. झालं काहीच नाही, निवेदन दिलं आणि परत आलो. पण आदल्या दिवशी भावाला पोलिसांची नोटीस आली होती, ती गोष्ट माझ्या सासरी पोहोचली, सासरे आजपण म्हणतात बाईमाणसाचं तिथे काय काम. आता परत मोर्चा ठरतोय. जाऊ का? आणि ते माझा फोटो कशाला ठेवतात?
(नाव-गाव दिलेलं नाही, खान्देश)

उत्तर : जा. बाकीचं सगळं नंतर सांगते, आधी हे.

मी तीस वर्षं जिल्हा कोर्टात वकिली केली आणि माझा सख्खा भाऊ एसआरपीत (राज्य राखीव पोलीस दलात) होता, धुळ्याला जो ६ नंबरचा गट आहे त्यात, त्यामुळे हा बंदोबस्त मी दोन्ही बाजूंनी बघितलाय. किती पोलीस उभे करायचे हे तुमच्या गुन्ह्यावरून ठरत नाही हो. दोन दिवस आधी गोपनीय शाखेचा माणूस साध्या कपड्यात येतो, छोटी डायरी काढतो आणि विचारतो अध्यक्ष कोण, किती लोक येणार, निवेदन कोण देणार, कुठून निघणार. तो आकडा वर जातो आणि वरचा साहेब म्हणतो कमी पडायला नको, म्हणून आरसीपी (दंगल नियंत्रण पथक) बोलवा, होमगार्ड बोलवा. आपल्या भागात त्याला जुनी कारणं पण आहेत. धुळ्याला ६ जानेवारी २०१३ला दंगल झाली, पोलिसांच्या गोळीबारात सहा माणसं गेली, त्यानंतर बंद शटर आणि ढालींची रांग एकत्र दिसली की अजून लोकांच्या पोटात गोळा येतो. पण म्हणून एवढ्या बंदोबस्ताचा काही परिणाम होत नाही असं मी म्हणणार नाही. होतो. रस्ता अडवलेला दिसला की निम्म्या बायका रिक्षा तिथूनच माघारी वळवतात, आणि कधीकधी तेच हवं असतं असं माझं मत झालंय. कापसाच्या भावाचं निवेदन घेऊन आलेल्या तीनशे माणसांसमोर ढाली लावायची गरज नसते, हे मी भावाला पण सांगायचे, तो गप्प बसायचा.

एकदा मी अशाच एका मोर्चात उभी होते. साडीच्या दुकानाच्या शटरला ढाल टेकवून एक पोरगी, असेल चोवीस-पंचवीसची, बुटाची नाडी सोडून टाच दाबत बसली होती. पहाटे चारला निघालेली, पेपरात बांधलेले पोहे तसेच पडलेले, पाणी पण पीत नव्हती कारण जवळपास बायकांना जायला जागा नाही. मला म्हणाली, मावशी, सावलीमा उभी ऱ्हाय, ऊन लागी जाई. दहा मिनिटांनी शिट्टी झाली, सगळ्या उठल्या, हेल्मेटच्या काचा खाली आल्या, आणि त्या रांगेत ती नेमकी कोणती हे मला काही केल्या ओळखता आलं नाही. तुम्हाला रस्ता ओळखू येईना म्हणालात ना, ते वाचून मला तीच आठवली.

आता नोटीस. तुमच्या भावाला आली ती बहुतेक जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम १४९ची असणार, १ जुलै २०२४पासून ती बीएनएसएसच्या, म्हणजे त्या जागी आलेल्या नव्या कायद्याच्या १६८ कलमाखाली येते, पोलीस स्टेशनात अजून सगळे १४९च म्हणतात. तो गुन्हा नाही, समन्स नाही, आरोपी झालात असं पण नाही. काही गडबड झाली तर तुम्हाला जबाबदार धरू एवढी ती ताकीद असते आणि मोर्चा काढणाऱ्याला सर्रास येते. सही करून एक प्रत ठेवून घ्यायची, फाडायची नाही. दुसरा कागद असतो मनाई आदेश, महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम ३७. त्याच्या पोटकलम ३ने जमाव आणि मिरवणुकीवर बंदी घालता येते, पण सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांच्या वर नाही, म्हणून तो परत परत काढला जातो. मोर्चा ठरवणाऱ्यांनी विचारायचं की आदेश चालू आहे का, किती तारखेपर्यंत, परवानगीचा अर्ज कुणाकडे, आणि अर्जाची पोच घ्यायची. वाहतूक, वेळ, रस्ता यावर अटी घालायचा अधिकार पोलिसांना आहे, पण रस्त्यावर सभाच नको असं सरसकट म्हणता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने अहमदाबादच्या हिम्मतलाल शाह केसमध्ये पन्नास वर्षांपूर्वीच सांगितलंय. जमावबंदीचं १४४ (आता १६३) लोकांचं रास्त म्हणणं दाबायला वापरायचं नाही, हे पण त्याच कोर्टाने २०२०ला सांगितलं.

फोटोचं म्हणाल तर शूटिंग ते करतातच, उद्या काही फोडाफोडी झाली तर कोण होतं हे बघायला. नुसतं त्या शूटिंगमध्ये दिसणं हा गुन्हा नाही. पदर ओढू नका, चेहरा सरळ ठेवा, तुम्ही भाव मागायला आला होतात. तुमच्या बाजूच्या एखाद्या पोराने पण लांबून, कुणाच्या आडवं न येता शूटिंग करावं, वेळ दिसेल असं. पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी असते, ती वाचून लक्षात ठेवायची सवय लावा. ताब्यात घेतलं तर सहसा एखाद्या हॉलमध्ये बसवतात, नावं लिहितात आणि संध्याकाळी सोडतात. अटकच केली तर घरच्यांना कळवावं लागतं, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यावं लागतं आणि सूर्य मावळल्यावर बाईला अटक करायची तर खास कारण, बाई अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. वकिलाचा नंबर हातावर पेनाने लिहा, मोबाईल काढून घेतला की कुणाचाच नंबर पाठ नसतो.

सासऱ्यांना एवढंच विचारा, की नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ला पोरांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता, त्याच्यासोबत आणखी चौघं गेले, त्यांच्या स्मारकाला आपण दरवर्षी शाळेची पोरं घेऊन हार घालतो, मग त्याच पोरांच्या आयांनी रस्त्यावर का उभं राहू नये? रागाने नका विचारू, जेवताना विचारा.

आणि मागच्या निवेदनाची पोच घेतली होती का तुम्ही लोकांनी? तुमच्या पत्रात ते नाही. शिक्का आणि आवक नंबर नसेल तर ते निवेदन दिलं हे सिद्ध करणं अवघड. या वेळी दोन प्रती न्या.

प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करतो, रोज पहाटे ग्राउंड मारतो. मित्र आंदोलनाला चल म्हणतात. नावावर केस पडली तर संपलं का सगळं?
(वय २१)

उत्तर : बाळा, तुझी भीती खरी आहे आणि ती भीती दाखवून पोरांना घरी बसवतात हे पण मला माहीत आहे. निवेदन द्यायला शांतपणे गेलास तर केस पडतेच असं नाही. पण रास्ता रोको, टायर जाळणं, गाडी अडवणं यात गर्दीतल्या सगळ्यांची नावं येऊ शकतात, आणि पोलिसाच्या अंगाला हात लागला की आयपीसीचं जुनं ३५३, आता बीएनएस (भारतीय न्याय संहिता) १३२, ते अजामीनपात्र आहे. ढकलाढकली सुरू झाली की तू मागे ये, यात कमीपणा नाही. समजा केस झालीच तर चारित्र्य पडताळणीच्या फॉर्ममध्ये लपवू नको, अर्धं सांगू नको. अवतार सिंग केसमध्ये २०१६ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की माहिती खरी द्यायची, मग गुन्हा किरकोळ आहे का, निर्दोष सुटलाय का हे बघून खातं ठरवेल. लपवलेलं सापडलं तर नोकरी लागल्यावरही जाऊ शकते. आंदोलनाच्या केसेस सरकार अधूनमधून मागे घेतं, जीवितहानी नको, नुकसान पाच लाखांच्या वर नको अशा अटी असतात, वर कोर्टाची परवानगी लागते, आणि त्यात वर्षं जातात. तुझी वयोमर्यादा तेवढी थांबणार नाही, म्हणून त्या भरवशावर राहू नको. भरती झालास आणि उद्या ढाल घेऊन उभा राहिलास तर समोर तुझेच मित्र असतील, हे मात्र डोक्यात ठेवूनच फॉर्म भर.

प्रश्न : आम्ही चौघं फक्त बंदोबस्त बघायला उभे होतो, हवालदाराने हाकललं. बघणं गुन्हा आहे का?

उत्तर : नाही. पण शांतता बिघडेल म्हणून पांगा असा आदेश झाल्यावर पाच किंवा जास्त माणसांच्या तशा जमावात थांबून राहिलं तर तो गुन्हा होतो, आणि तो आदेश मॅजिस्ट्रेट, ठाण्याचा प्रमुख किंवा पीएसआय आणि त्याच्या वरचा अधिकारी देतो. चार म्हणून सुटलो असं समजू नका, शेजारचे दहा जण आणि तुम्ही लांबून एकच दिसता. मला विचाराल तर हाकललं की भांडू नका, समोरच्या दुकानाच्या पायरीवर जा, तिथून दिसतं सगळं. घरी आल्या आल्या वहीत लिहून ठेवा, किती वाजता काय झालं, कुणी काय म्हटलं. कोर्टात साक्षीदाराला आठ महिन्यांनी, कधी आठ वर्षांनी विचारतात, तेव्हा त्या पानावरची वेळ आणि तारीख बघून आठवायला आधार मिळतो.