पॅड बदलले आणि लाल लाइट लागली

प्रश्न: नमस्कार सर, मी खारघरला राहतो, सात वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. गेल्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्येच पुढचे ब्रेक पॅड मी स्वतः बदलले. पॅडला दाबणारा पिस्टन आत ढकलताना ब्रेक ऑइल वर येऊन सांडेल म्हणून आधीच सिरिंजने थोडं काढून ठेवलं होतं. गाडी मस्त थांबते, पण सोमवारी ऑफिसला जाताना किल्ला जंक्शनला पामबीचकडे वळलो आणि मीटरमध्ये लाल ब्रेकची लाइट लागली, सरळ झालो की गेली. आता रोज प्रत्येक वळणावर तेच. हँडब्रेक पूर्ण खाली असतो. बायको म्हणते गॅरेजला टाका, शेजारचे काका म्हणतात सेन्सर आहे, लक्ष नको देऊस. काय करू?

उत्तर: वळताना लागते आणि सरळ झाल्यावर जाते, एवढं लिहिलंत तिथेच अर्धं काम झालं. आता मला सांगा, ते सिरिंजमधलं "थोडं" म्हणजे किती होतं?

पॅड झिजतात तसा पिस्टन बाहेर येतो, त्याच्या मागची जागा ऑइल भरून काढतं, म्हणून बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीतली लेव्हल हळूहळू उतरते. नवीन जाड पॅड लावायला पिस्टन आत ढकलला की तेच ऑइल परत वर येतं. मध्ये कुणी सर्व्हिसिंगला बाटलीवरच्या मॅक्सच्या खुणेपर्यंत भरून ठेवलं असेल तर ते सांडतं, तेव्हा तुमची भीती अगदीच चुकीची नव्हती. पण काढताना हात सैल सुटला असणार, मग पॅड बसवायला तुम्ही पेडल पंप केलं, पिस्टन पुढे आले, ऑइल त्यांच्यामागे गेलं आणि लेव्हल मिनच्या खुणेच्या आसपास लोंबकळत राहिली. वळणावर ऑइल एका बाजूला जातं, आत ऑइलवर तरंगणारा फ्लोट खाली बसतो, लाइट लागते. म्हणजे काका म्हणतात तो सेन्सर आहे खरा, पण तो त्याचं काम करतोय.

गाडी सपाट जागी लावा आणि बाटली बाहेरूनच बघा. लेव्हल कमी असेल तर झाकणाभोवतीची धूळ आधी पुसा, मग झाकणावर लिहिलंय तेच ऑइल घाला, डॉट ३ किंवा डॉट ४, आणि नवीन सीलबंद बाटलीतलंच. कपाटात अर्धी उरलेली बाटली वापरू नका, हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपल्या नवी मुंबईच्या हवेत पाण्याला काय तोटा. सिरिंजने काढलेलं तर नाहीच नाही. मॅक्सच्या वर जाऊ नका, रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघतो.

पण गळती असली तरी हीच लाइट लागते. नवीन पॅड असताना लेव्हल दोन दिवसांत परत उतरली तर पुन्हा भरत बसू नका, चाकाच्या आतली बाजू ओली आहे का बघा. कॅलिपर, म्हणजे पिस्टन आणि पॅड धरणारा भाग, काढल्यावर तारेने टांगला होता की रबरी होजवर लोंबकळत सोडला होता? घरी काम करताना ही चूक फार होते, होजला पीळ पडतो किंवा ताण बसतो. इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट जोरात दाबून धरा. आधी थोडं खाली जातं ते नॉर्मल, पण हळूहळू खाली खाली जातच राहिलं तर गाडी चालवू नका, कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंतसुद्धा नाही, टोइंग बोलवा.

लेव्हल बरोबर असून लाइट कायम राहिली तर बाटलीचा कनेक्टर आणि हँडब्रेकचा स्विच बघा. मी एकदा हँडब्रेकची केबल एवढी कसली की लिव्हर एक खटका वरच अडकायला लागला, आणि मी अर्धा दिवस बॅटरी घेऊन ऑइलच्या बाटलीत डोकावतोय!

प्रश्न: ठाण्यात मानपाड्याला राहतो. मागचं चाक उतरवून ड्रम साफ केला, परत लावला तर पिवळी एबीएसची आणि लाल ब्रेकची, दोन्ही लाइट एकदम लागल्या. ऑइल फुल आहे, हँडब्रेक खाली.

उत्तर: त्या चाकाच्या स्पीड सेन्सरची वायर ओढली गेली असेल किंवा कनेक्टर नीट बसला नसेल, खट आवाज येईपर्यंत दाबा. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटतो तोही पुसा. मागच्या-पुढच्या चाकांना ब्रेक वाटून देणारं काम एबीएसचंच, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारं, युनिट करतं, त्यामुळे ते बंद पडलं की लालही लागते. ब्रेक लागतील, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबलात तर चाकं लॉक होऊन गाडी घसरू शकते, म्हणून पावसात घोडबंदरला तर अशी नेऊच नका. कनेक्टर बसवल्यावर काही गाड्यांत थोडं चालवल्याशिवाय लाइट जात नाही, तेव्हा सोसायटीतच दोन चकरा मारून बघा, नाहीच गेली तर गॅरेजमध्ये बिघाड वाचणारा स्कॅनर लावून घ्या.