होम थिएटरचा रिसीव्हर चालू करताच बंद पडतो, अख्खा बोर्ड बदलावा लागेल का?

तुम्ही लिहिलंय की ऑन केल्यावर दोन-तीन सेकंदांत बंद पडतो, लाल लाइट लुकलुकतो, रिलेचा (स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचा) नेहमीचा टक्क आवाज येतच नाही आणि मेकॅनिक अख्खा बोर्ड बदला म्हणतोय. थांबा, बोर्डावर एवढ्यात पैसे घालू नका. सेट प्रोटेक्शनमध्ये जातोय, म्हणजे आउटपुटला डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेचा करंट) येतोय किंवा आतला एखादा पॉवर सप्लाय मिळत नाहीये हे त्याला कळलंय आणि तो रिले न जोडता तुमचे स्पीकर वाचवतोय. बऱ्याचदा सगळा घोळ एक-दोन ट्रान्झिस्टरचा नाहीतर ड्राय सोल्डरचा, म्हणजे सुटलेल्या सोल्डर जोडाचा असतो.

आधी मागच्या सगळ्या स्पीकर वायरी काढून एकदा चालू करून बघा. चालू राहिला तर दोष वायरीत, टर्मिनलला तांब्याची एखादी तार शेजारच्या तारेला टेकलेली असणार. तरी बंद पडला तर मामला आतला, पण मग पुन्हा पुन्हा ऑन-ऑफ करत बसू नका, शॉर्ट झालेला आउटपुट ट्रान्झिस्टर आपल्यासोबत ड्रायव्हर (त्याला चालवणारा छोटा ट्रान्झिस्टर) आणि रेझिस्टरही घेऊन जातो.

झाकण उघडायचं तर प्लग काढूनच. आतल्या दोन मोठ्या कॅपॅसिटरवर प्लस आणि मायनस 50 व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो, स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून तो घालवू नका, 1 किलो-ओहम 5 वॅटचा रेझिस्टर प्रत्येकाला मिनिटभर लावा आणि शून्य झालंय ना हे मल्टिमीटरने बघा. हे जमणार नसेल तर इथूनच जाणकाराकडे द्या, हे मी मनापासून सांगतोय.

मग मीटर डायोड मोडवर ठेवून हीटसिंकवरच्या (गार ठेवणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवरच्या) प्रत्येक ट्रान्झिस्टरचे कलेक्टर-एमिटर तपासा, बेस, कलेक्टर आणि एमिटर हे त्याचे तीन पाय. शून्याजवळ रीडिंग आणि बीप म्हणजे तो शॉर्ट. चांगल्या ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर साधारण 0.5 ते 0.6 व्होल्ट दाखवतो, आणि रिसीव्हरमध्ये सारखेच पाच-सात चॅनल असतात त्यामुळे शेजारच्या चॅनलशी रीडिंग जुळवलं की सर्किट डायग्राम नसला तरी गेलेला चॅनल सापडतो. तिथले 0.22 ओहमचे पांढरे रेझिस्टर पण बघा, ओपन झालेले, म्हणजे आतून तुटलेले असतात.

सगळे ट्रान्झिस्टर ठीक निघाले तर बोर्ड उलटा करून रेग्युलेटरचे (व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या पार्टचे) पाय भिंगातून बघा, मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही चालेल. तिथे सतत गरम-गार होऊन पायाभोवती केसाएवढी बारीक गोल भेग पडते, वरून सोल्डरचा जोड चकचकीत दिसतो पण पाय आत सुटलेला असतो. जुनं सोल्डर ओढून काढा आणि नवं भरा.

पार्ट मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतील, पण 5200-1943 सारख्या आउटपुट ट्रान्झिस्टरच्या जोड्यांचे डुप्लिकेट फार आहेत, स्वस्त बघून घेऊ नका. एक गेला असला तरी जोडी बदला, खाली मायका (वीज अडवणारा पातळ पापुद्रा) आणि उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवीन. आणि प्रोटेक्शनची वायर कापून सेट चालू करून देतो असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा, तो डीसी थेट स्पीकरच्या कॉइलमध्ये जाऊन ती जाळतो.

जोडल्यावर पहिल्यांदा 100 वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा तारेचा बल्ब (एलईडी नव्हे) सिरीजमध्ये, म्हणजे सेटला वीज देणाऱ्या एका वायरीच्या मध्ये लावूनच चालू करा. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भगभगीत राहिला तर अजून शॉर्ट आहे, लगेच बंद करा. बल्ब काढल्यावर रिलेच्या आधी आउटपुटचा डीसी मोजा, 50 मिलिव्होल्टच्या आत पाहिजे, बायस (आवाज नसतानाही ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडासा करंट) सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे सेट करा, आणि मगच एखादा जुना स्पीकर लावून बघा. मॉडेल नंबर आणि मीटरची रीडिंग टाका, कुठला चॅनल गेलाय ते बघून सांगतो.