‘उद्या जातोय’ चिनीत का जात नाही?

प्रश्न : नमस्कार ताई. मी ऐरोलीला राहतो, उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डात कामाला आहे. दोन वर्षं चिनी शिकतोय. बाईंनी पहिल्याच महिन्यात सांगितलं, की क्रियापदाच्या आधी ‘त्साय’ लावला की ‘करतोय’ होतं. मी तेच धरून चाललो. परवा निबंधात तीन वाक्यं लिहिली : ‘मी दोन वर्षं चिनी शिकतोय’, ‘उद्या पुण्याला जातोय’, ‘बायकोने लाल साडी नेसली आहे’. तिन्हींत ‘त्साय’ घातला. तिन्हींवर लाल रेघ. तिसऱ्या वाक्याला तर बाई हसल्या. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमची चूक एवढीच, की आपल्या ‘तोय’वर तुम्ही जरा जास्तच भरवसा टाकला. आपला ‘तोय’ म्हणजे घरातला धाकटा दीर, सगळी कामं त्याच्याच गळ्यात. आत्ता जेवतोय, उद्या जातोय, दोन वर्षं शिकतोय, सध्या बेलापूरला नोकरी करतोय. चिनी ‘त्साय’ यातलं पहिलं काम मन लावून करतो, बाकीच्यांना बहुतेक हात लावत नाही.

आधी उच्चार. हा टपरीवरचा ‘चाय’ नव्हे. ‘चाक’, ‘चांगला’ यांतला जो दाताजवळचा च आहे, तो घ्या आणि पुढे ‘आय’ जोडा. सूर वरून खाली आपटायचा, लहान मुलाला ‘बस!’ म्हणून दटावतो तसा. हा च आपल्याला आयता मिळालाय.

आता अर्थ. ‘त्साय’चा मूळ अर्थ ‘असणे’, तेही कुठेतरी असणे. ‘था त्साय ज्या’ म्हणजे तो घरी आहे. ‘था त्साय छ्रफान’ म्हणजे तो जेवतोय, शब्दशः तो जेवणात आहे. माझ्या लहानपणी नौपाड्याच्या घरी सकाळी कुणी आलं, की आतून उत्तर जायचं, ‘आई पूजेत आहे.’ माझ्यासाठी ‘त्साय’ म्हणजे हे ‘पूजेत आहे’. माणूस एका कामाच्या आत शिरलाय, अजून बाहेर आलेला नाही. वाक्यात ‘त्साय’ घालण्याआधी ते या ‘पूजेत’वर घासून बघा.

‘उद्या पुण्याला जातोय’ घ्या. उद्याच्या जाण्याच्या आत तुम्ही आज कसे असाल? तिथे साधं ‘मिंगथिएन छ्यू’, म्हणजे ‘उद्या जाणे’, पुरतं. इथे मी स्वतः तोंडावर आपटलेय, म्हणून जरा सविस्तर सांगते. मी तेव्हा ठाण्याहून पनवेल लोकलने तुर्भ्याला जायची, एमआयडीसीतल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात, चिनी इंजिनिअरची दुभाषी म्हणून. मशीन बसवून झालं होतं, दुपारी ट्रायल घ्यायची होती. फोरमन सहज म्हणाला, ‘मालक उद्या येतायत.’ मी तितक्याच सहजपणे सांगून टाकलं, ‘लाओबान मिंगथिएन त्साय लाय.’ इंजिनिअरने माझ्याकडे पाहिलं, ‘हाओ’ म्हणाला, हातमोजे काढले, पाने एकेक करून पुसले, पेटीत ठेवले आणि गाडीची वाट बघत बाहेर जाऊन उभा राहिला. मशीन थंड. फोरमन मला विचारतोय, मी त्याला विचारतेय.

झालं असं, की अगदी याच सुराचा आणखी एक ‘त्साय’ आहे. लिहायला वेगळा, ऐकायला तंतोतंत सारखा. त्याचा अर्थ ‘पुन्हा’, आणि वेळेच्या शब्दामागे आला की ‘आत्ता नको, तेव्हाच’. माझं ‘येतायत’ चिनी कानाला लागूच शकत नव्हतं, म्हणून त्याने जे लागत होतं ते ऐकलं : मालक आज नाहीत, उद्याच येतील. मग ट्रायलही उद्याच! तो दिवस गेला. मला कुणी रागावलं नाही, पण संध्याकाळच्या लोकलमध्ये घणसोली कधी गेलं मला कळलं नाही.

‘दोन वर्षं शिकतोय’ची गोष्ट वेगळी. क्रियापदामागे मुदत आली, मोजमाप झालं, की ‘त्साय’ मागे सरतो. तिथे म्हणायचं ‘वो श्युए जोंगवन श्युए-ल ल्यांग निएन ल’. यात ‘ल’ दोनदा आहे आणि दुसऱ्याला विसरायचं नाही. पहिला दोन वर्षं भरल्याचं सांगतो, शेवटचा ‘आजवर’ असं सुचवतो. शेवटचा गाळलात, तर ऐकणाऱ्याला वाटेल की शिकलात दोन वर्षं आणि मग सोडून दिलंत. मुदत आधी आणून ‘या दोन वर्षांत मी सतत शिकतोय’ असं म्हटलं, तर मात्र ‘इजर त्साय श्युए’ चालतं. ‘इजर’ म्हणजे सतत, एकसारखं. आता तुमच्या बाई म्हणतील, एवढं दुसऱ्या वर्षाला कशाला. असू दे.

साडीवर बाई का हसल्या? ‘त्साय छ्वान’ म्हणजे अंगावर कपडा चढवण्याच्या कामात असणे. तुमचं वाक्य वाचून चिनी माणूस दार ओढून घेईल, कारण वहिनी आत निऱ्या घालतायत! नेसून झालेली साडी अंगावर आहे, हे सांगायला क्रियापदाच्या मागे ‘जअ’ लागतो : ‘छ्वान-जअ’. जीभ मागे वळवायची, सूर द्यायचा नाही, हलकेच सोडून द्यायचा. आपल्याकडे ‘नेसतेय’ आणि ‘नेसलेली आहे’ यांत जो फरक, तोच हा. दार उघडं आहे, दिवा चालू आहे, म्हातारा बाकावर बसलेला आहे, ही सगळी ‘जअ’ची मंडळी. (‘ती लाल साडीत आहे’ असंही आपण म्हणतो आणि माझी पूजेची कसोटी तिथे फसते. तेवढं पोटात घाला.)

‘जअ’ मला ‘त्साय’पेक्षा आवडतो, कारण तो मराठीशी फार जुळतो. लोकलच्या दारात उभ्याउभ्या वडापाव खाणारा दिसला की म्हणा ‘जान-जअ छ्र’, उभ्याने खाणे. आणि आपलं ‘चालता चालता’ जसंच्या तसं ‘त्सोउ-जअ त्सोउ-जअ’. आपल्यासारखंच त्यांचंही पुढे काहीतरी अचानक होतं : चालता चालता पाऊस आला, बोलता बोलता रडायला लागली.

राहता राहिलं किरकोळ. ‘आत्ता, या क्षणी’ यावर जोर हवा तर ‘जंग-त्साय’. बोलताना शेवटी ‘नअ’ जोडतात, फोनवर तर नुसत्या ‘नअ’वरही भागतं. ‘घरी वाचतोय’ म्हणताना दोन ‘त्साय’ घालू नका, ‘त्साय ज्या खान शू’ यात एकच दोघांचं काम करतो. ‘जेवत होतो’ला वेगळं रूप नाही, ‘काल’ म्हटलं की झालं. आणि ‘मला माहीत आहे’, ‘मला आवडतं’ असल्या क्रियापदांना ‘त्साय’ लावायचा नाही.

प्रश्न : माझा नातू चिनी शिकतो. ‘झोपणे’च्या पुढे त्याच्या पुस्तकात तुमचा तो ‘जअ’ छापलाय, पण ध्वनिफितीत बाई ‘श्वे-जाओ ल’ म्हणते. अक्षर एकच. छपाईची चूक आहे का? (एक आजी, कोपरी, ठाणे)

उत्तर : चूक नाही, आजी. अक्षर एक, उच्चार अनेक. त्या अक्षराचा जुना अर्थ चिकटणे, टेकणे. ‘श्वे-जअ’ म्हणजे झोपलेला आहे, ‘श्वे-जाओ ल’ म्हणजे झोप लागली. हा ‘जाओ’ नातवाला आपल्या ‘लागणे’ने शिकवा. ‘जाओ-ह्वो’ आग लागणे, ‘जाओ-ल्यांग’ गारठा लागणे, ‘जाओ-जी’ जिवाला घोर लागणे. फक्त भुकेला तो लावू देऊ नका. भूक लागली की नुसतं ‘वो अ ल’ म्हणायचं.