तो ताण एकट्या आईचा नसतो

प्रिय,

तुझा मेसेज वाचला. लहान मुलांच्या आईबाबांचा ताण मोजायचा प्रोजेक्ट घेतलायस हे फार आवडलं. कुठली प्रश्नावली घेऊ असं तू विचारतेयस, ते सांगतेच, पण त्याच्या आधी एक गोष्ट स्वतःशी पक्की कर. तुला नक्की कुणाचा ताण मोजायचाय? आईचा, मुलाचा, की त्या दोघांच्या मधला? कारण बरेच जण 'पालकांचा ताण' म्हणतात आणि शेवटी फक्त आईची दमणूक मोजून मोकळे होतात. नोकरी, पैसे, झोप नाही, सासरमाहेर, सगळ्याचा ताण त्यात येतो आणि मुलाशी असलेलं नातं कुठेच दिसत नाही. एखादी आई बाहेरच्या कटकटींनी पार वैतागलेली असते पण मुलाजवळ बसली की तिचा जीव निवतो, आणि दुसरीचं बाकी सगळं छान चाललेलं असतं पण मूल रडायला लागलं की तिच्या पोटात गोळा येतो. या दोघींना सारखाच नंबर मिळणार असेल तर ती पट्टी तुझ्या कामाची नाही.

या बाबतीत रिचर्ड अबिडिन यांनी केलेलं काम नीट वाच. व्हर्जिनिया विद्यापीठातले हे मानसशास्त्रज्ञ, त्यांची पॅरेंटिंग स्ट्रेस इंडेक्स ही प्रश्नावली 1983 ला आली, 2012 ला चौथी आवृत्ती आली, 1 महिन्यापासून 12 वर्षांपर्यंतच्या मुलांच्या पालकांसाठी. मोठी प्रश्नावली 120 प्रश्नांची आहे आणि छोटी 36 ची. छोटीत 12-12 प्रश्नांचे तीन भाग आहेत. पहिला पालकाची स्वतःची घुसमट, दुसरा दोघांमधलं बिनसलेलं देणंघेणं, तिसरा मूल सांभाळायला किती अवघड वाटतं. प्रत्येक प्रश्नाला 1 ते 5, म्हणजे एकूण स्कोअर 36 ते 180 च्या मधे कुठेतरी. आणि लोक काय करतात, तर फक्त एकूण स्कोअर काढतात आणि रिपोर्टमधे टाकतात! अगं, खरी गंमत त्या तीन भागांत आहे. एकूण सारखाच आलेल्या दोन आया घे, एकीचा सगळा भार पहिल्या भागात, तिला हात द्यायला माणूस हवंय, थोडी झोप हवीये, कदाचित डिप्रेशनची तपासणी हवीये. दुसरीचा भार दुसऱ्या भागात, म्हणजे मुलाकडून आपल्याला काही मिळतच नाही, ते आपल्याला आपलंसं करत नाही असं तिला वाटतंय. मला स्वतःला सगळ्यात जास्त काळजी या दुसऱ्या भागाची वाटते, कारण दमलेल्या आईला विश्रांती देता येते पण मुलापासून आतून दूर गेलेल्या आईला नुसती विश्रांती देऊन काही होत नाही, तिथे दोघांना एकत्र बसवूनच काम करावं लागतं.

ही प्रश्नावली विकत घ्यावी लागते, ते बजेटमधे धर. तेवढं जमत नसेल तर बेरी आणि जोन्स यांची 1995 ची पॅरेंटल स्ट्रेस स्केल बघ. 18 वाक्यं आहेत आणि त्यातली काही मुलामुळे मिळणाऱ्या आनंदाची आहेत, त्यांचे मार्क उलटे धरायचे असतात, ते विसरलीस तर अख्खा डेटा वाया. मला ती आवडते कारण तिथे आईबाबांना 'मुलामुळे बरंही वाटतं' हे सांगायला जागा आहे. आणि तुझी मुलं तीन ते पाच वर्षांची असतील तर क्रनिक आणि ग्रीनबर्ग यांचं 1990 चं कामही बघ, त्यांनी मोठ्या संकटांच्या पलीकडे जाऊन रोजच्या बारीकसारीक कटकटी मोजल्या, म्हणजे सारखं मागे लागून आवरायला लावणं, जेवताना रडारड, झोपायला नकार, आणि त्या कटकटी किती वेळा होतात आणि किती त्रास देतात हे वेगवेगळं विचारलं. हे वेगळं विचारणं फार महत्त्वाचं आहे, कारण तीच गोष्ट रोज होऊनही एखादीला काही वाटत नाही आणि दुसरीला आठवड्यातून एकदा झाली तरी ती कोलमडते.

आता कमी स्कोअरबद्दल. जास्त आला की सगळे धावतात, कमी आला की फाइल बंद. असं करू नकोस. लहान मूल घरात असताना 'मला काहीच त्रास नाही' असं प्रत्येक प्रश्नाला लिहिणारी व्यक्ती खरंच निवांत असेलही, पण घाबरलेलीही असू शकते की आपण खरं लिहिलं तर आपल्याला वाईट आई म्हणतील, मूल काढून घेतील, नवऱ्याला कळेल. किंवा ती मुलात फारशी गुंतलेलीच नसेल. अबिडिन यांच्या प्रश्नावलीत असा सावध सूर ओळखायला वेगळी सोय आहे, ती वापर. आणि फॉर्म कुणासमोर भरला जातोय हे लिहून ठेव, सासू बाजूला बसलेली असताना भरलेला फॉर्म आणि एकटीने भरलेला फॉर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अजून एक घोळ सांगते जो छापून आलेल्या पेपरांतही सर्रास दिसतो. ताणाचा फॉर्म आईनेच भरायचा आणि मुलाच्या वागण्याचा फॉर्मही आईनेच भरायचा, मग दोन्ही जुळले की 'ताणामुळे मुलं हट्टी होतात' असा निष्कर्ष. थकलेल्या माणसाला तेच मूल जास्त हट्टी दिसतं ना! मुलाचं वागणं दुसऱ्या कुणाकडून घे, बालवाडीच्या ताई, बाबा, आजी, किंवा तू स्वतः वीस मिनिटं खेळताना बघ. आणि कोण कुणामुळे हे एकदाच मोजून कधीच कळणार नाही. नीस आणि सहकाऱ्यांचा 2012 ला आलेला अभ्यास बघ, त्यांनी 3 ते 9 वर्षांपर्यंत तीच मुलं पुन्हा पुन्हा बघितली तेव्हा दोन्हीकडून परिणाम दिसला, आईबाबांचा ताण मुलाचं वागणं बिघडवतो आणि मुलाचं वागणं ताण वाढवतं. म्हणून माझी विनंती आहे की तुझ्या रिपोर्टमधे आईला कारण ठरवू नकोस. आणि बाबांचे फॉर्म घे गं, 'बाबा मिळाले नाहीत' असं एका ओळीत लिहून मोकळं व्हायचं हे आता पुरे झालं.

थुंकीतून कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी जोडलेलं हार्मोन, मोजायचं तू म्हणालीस. मोह कळतो, लॅबचा आकडा बघितला की लोक मान डोलावतात. पण कॉर्टिसॉल उठल्यावर अर्ध्यापाऊण तासात चढतं आणि दिवसभर उतरत जातं, त्यामुळे कुठल्यातरी वेळी घेतलेल्या एका नमुन्यातून काहीच कळत नाही, दिवसात तीनचार वेळा, वेळा पाळून, आणि एकापेक्षा जास्त दिवस घ्यावे लागतात. घरी तान्हं मूल असलेल्या बाईकडून हे करून घ्यायचं म्हणजे तिच्या ताणात आपणच भर घालायची. केसातून मागच्या काही महिन्यांचा अंदाज येतो, साधारण 1 सेंटीमीटर म्हणजे 1 महिना, पण तो आकडा आणि माणूस स्वतः सांगतो तो ताण बरेचदा जुळत नाहीत. खोटं कुणीच बोलत नसतं, दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात. पहिल्या प्रोजेक्टला हे सोड असं माझं मत.

त्यापेक्षा बघायला शिक. एडवर्ड ट्रॉनिक यांचा 1978 चा प्रयोग तू वाचला असशील, आई बाळाशी खेळते, मग दोनतीन मिनिटं चेहरा कोरा ठेवून नुसती बघते, बाळ हसून, हात हलवून, आवाज काढून तिला परत आणायचा प्रयत्न करतं आणि शेवटी तोंड फिरवतं. लोकांना तेवढंच आठवतं. मला त्याच्यानंतरचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो, आई परत बोलायला लागल्यावर ते दोघं एकमेकांकडे कसे येतात, किती वेळ लागतो, कोण पुढाकार घेतं. चांगल्या नात्यातही सूर सारखा सुटत असतो, तो परत जुळतो की नाही ते बघायचं. हे कुठल्याही फॉर्ममधे येत नाही, व्हिडिओ घेऊन, दोन जणांनी वेगवेगळं कोडिंग करून, म्हणजे कोण कधी काय करतं त्याची ठरलेल्या खुणांनी नोंद करून, मग एकमेकांशी पडताळून बघावं लागतं. कंटाळवाणं काम आहे पण हेच तुला सगळ्यात जास्त शिकवेल.

तुझ्या कार्यक्रमानंतर ताण कमी झाला का हे दाखवायचं असेल तर तुलनेसाठी दुसरा गट ठेवच. आपण जास्त स्कोअरवालेच निवडतो, आणि सगळ्यात वाईट दिवसात निवडलेल्या माणसाचा पुढचा स्कोअर काहीही न करता थोडा खाली येतोच. मूलही तोवर काही महिन्यांनी मोठं झालेलं असतं, रात्री झोपायला लागलेलं असतं. किती लोक घेऊ हे स्टॅटिस्टिक्सवाल्यांना विचार, पण तीस घरं नीट बघून झालेली मला तीनशे फॉर्मच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त विश्वासाची वाटतात, निदान सुरुवातीला.

आणि पहिला फॉर्म वाटायच्या आधी हे ठरव. एखादीने लिहिलं की मला मुलाला काही करून बसेन अशी भीती वाटते, किंवा स्वतःलाच संपवावंसं वाटतं, तर तो फॉर्म त्याच दिवशी कोण वाचणार, तिला फोन कोण करणार, कुठल्या डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे पाठवणार, रात्री आठला भरला असेल तर काय. हे सगळं संमतीपत्रातही साध्या भाषेत आधीच सांगायचं, की बाकी सगळं गुप्त राहील पण जिवाला धोका दिसला तर आम्ही मदत बोलावू. गठ्ठा आठवडाभर कपाटात ठेवून नंतर एंट्री करायची पद्धत इथे चालणार नाही. ज्यांना फोन करायचा त्यांच्याशी तू आधी स्वतः जाऊन बोल, ते खरंच वेळ देणार आहेत का ते बघ, आणि नाही म्हणाले तर दुसरं कुणी सापडेपर्यंत प्रोजेक्ट थांबव. गाइडने घाई केली तरी थांबव, गरज पडली तर त्यांच्याशी मी बोलते.

तुझी,
ताई